अठ्ठेचाळीस किलोची जागा

वैजू काट्यावर उभी राहिली आणि मी तिच्या पायांशी उकिडवी बसून आकडा वाचला.

"किती व ताई?"

"तीनशे वर."

"हात्तिच्या! तीनशे ग्राम त मी नुसती थुंकून काढीन."

"एक किलो तीनशे," मी म्हटलं. "सत्तेचाळीस तीनशे आहे हे."

वैजू खाली उतरली. पायात चप्पल राहिली की काय म्हणून तिनं बघितलं. पायात काहीच नव्हतं. मग पुन्हा चढली, या वेळी श्वास रोखून. आकडा तोच.

आम्ही राज्य स्पर्धेसाठी सांगलीला आलो होतो. दुपारचे चार वाजले होते. खेळाडूंची अधिकृत वजनं दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते नऊ या वेळात व्हायची होती. हा काटा सरावाचा, ज्याचं त्यानं आधी बघून घ्यावं म्हणून बाहेर ठेवलेला. वैजूचं नाव सेहेचाळीस किलोच्या गटात होतं, माझं अठ्ठेचाळीसच्या. एका जिल्ह्याकडून एका गटात एकच मुलगी, असा नियम होता.

सन दोन हजार सहा. मुलींचं बॉक्सिंग आमच्याकडे तेव्हा नवलाचंच होतं. मूर्तिजापूरच्या शाळेत खंडारे सर पी.टी. शिकवायचे. त्यांनी सिमेंटच्या गोण्यांत चिंध्या आणि वाळू भरून त्या हॉलच्या आढ्याला टांगल्या आणि आम्हा पाच-सात मुलींना त्यांच्यावर सोडलं. गावातले लोक विचारायचे, "कोणाले मारता व पोरींनो?" सांगलीच्या आधीची लागोपाठ दोन वर्षं मी अठ्ठेचाळीस किलोची राज्य विजेती झाले, तसं विचारणं बंद झालं. तिसऱ्या पदकावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून माझं काम होईल असं सगळे म्हणत होते. आईनं तर गल्लीत 'आमची मंदा फौजदार' असं सुरूही केलं होतं. एकोणीस वर्षांची होते मी, आणि ते ऐकून माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती.

वैजयंता गवई माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. त्यांनी तिला या स्पर्धेला सोडलं ते बजावूनच: पदक आणलं तर पुढं खेळ, नाहीतर बारावी झाली की दर्यापूरचं स्थळ आहेच. वैजू हे सगळ्यांना हसत सांगायची. हसत सांगितलं तरी होतं ते खरंच.

काट्याजवळून तिला खोलीवर पाठवून सरांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"मंदे, ही पोट्टी आता सेहेचाळीसची राह्यली नाही," ते म्हणाले. "हाडं वाढली तिची. सव्वा किलो एका रातीत काढलं त उद्या रिंगमध्ये उभी राहायची नाही."

"मग काय करायचं सर?"

"नियमात बसते. वजनाच्या टायमाले नाव वरच्या गटात टाकता येते. पण वर तू हायस." सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सरावाचा हॉल साडेपाचले मोकळा हाय. तीन राउंड खेळा दोघी. जिंकन ते अठ्ठेचाळीसमध्ये. हरन ते बादली धरून कोपऱ्यात बसन. पण हे दोघींच्या मर्जीनंच. तुही मर्जी हाय का?"

"हाय सर," मी म्हणाले. चॅम्पियननं दुसरं काय म्हणायचं?

"मग तिले इचार. मी इचारलं त माह्या तोंडावर हो म्हणन आन मनात भेत राहीन. तुले खरं सांगन. मले ड्रॉच्या मीटिंगले जा लागते. पाचले येतो."

सर गेले आणि मी व्हरांड्यात तशीच उभी राहिले.

त्याचं कारण दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी घडलेलं होतं. सर त्या दिवशी नागपूरला गेले होते. हॉलमध्ये वैजू आणि मी दोघीच. मी म्हटलं, चल, दोन राउंड खेळू. दुसऱ्या राउंडमध्ये तिचा उजवा हात कुठून आला ते मला कळलंच नाही. मी फरशीवर बसलेली होते आणि समोरची गोणी दोन दिसत होती. वैजूनं दातांनी ग्लोव्हजच्या नाड्या सोडल्या, धावत आली आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "ताई, लय लागलं का व? मी जोरात नोहतं मारलं." ते 'जोरात नोहतं मारलं' मला ठोशाहून लागलं. जाताना तिनं आपणहून सांगितलं, "मी सांगत नाही कोणाले." आणि तिनं खरंच कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी मात्र तिच्याशी सराव करायचं टाळत होते. कधी खांदा दुखायचा, कधी मनगट.

मी खोलीवर गेले. वैजूनं दोन स्वेटर चढवले होते आणि खताच्या पोत्यातलं प्लास्टिक पोटाला गुंडाळत होती.

"सर काय म्हणे व ताई?"

मी दाराशीच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. साडेपाचला माझ्याशी खेळतेस का?

"म्हणाले, काढ वजन," मी म्हटलं. "तेवढं निघतं. मी आहे तुझ्यासोबत."

"मग काढते ना," वैजू म्हणाली आणि प्लास्टिकचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "घट्ट आवळ."

मी आवळलं.

पाचला सर आले. वैजू मैदानाला फेऱ्या मारत होती. सांगलीचं ऊन उतरलं होतं, तरी तिच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळताना लांबूनही दिसत होतं. सरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय म्हणे?"

"नाही म्हणाली सर."

सर काही बोलले नाहीत. त्यांना वाईट वाटलं असावं. खोटं इथंच थांबलं असतं तर थोडं तरी बरं झालं असतं. पण ती शांतता मला सोसवली नाही आणि मी एक शब्द जास्तीचा बोलले. कुणी विचारला नव्हता, गरज नव्हती.

"भेते ती," मी म्हटलं.

"हं," सर म्हणाले. "मले वाटलंच होतं. जाऊ दे. तिले नको बोलू काही, लाजीन."

रात्री वैजू जेवली नाही. चिंचेचा गोळा तोंडात धरून डब्यात थुंकत बसली. तहान लागली की ओल्या रुमालानं ओठ पुसायची आणि रुमाल लगेच लांब ठेवायची, म्हणजे चोखायचा मोह नको. मी तिच्यासमोर भात खाल्ला नाही, बाहेर जाऊन खाल्ला. तेवढी लाज माझ्यात शिल्लक होती.

सकाळी पावणेआठला मुलींच्या वजनाच्या खोलीत आम्ही गेलो. दार बंद, आत एक टेबल, एक काटा आणि चष्मा लावलेल्या एक बाई. वैजूच्या अंगावर जवळजवळ काही नव्हतं. तिच्या फासळ्या मी पहिल्यांदाच मोजता येतील अशा बघितल्या. बाईंनी आकडा वाचला. "सेहेचाळीस एकशे पन्नास. बाहेर दोरीवरच्या उड्या मार बाळ, नऊपर्यंत वेळ आहे."

वैजूनं अर्धा तास उड्या मारल्या. घाम येईना. अंगात पाणीच उरलं नव्हतं तर येणार कुठून? ती भिंतीला टेकून खाली बसली. तिची वेणी मांडीवर पडली होती. जाड, कमरेच्या खालपर्यंत आलेली. आमच्या शाळेत तसे केस कोणाचे नव्हते. दर रविवारी तिची आई अंगणात तिला पुढ्यात बसवून तेल लावायची, आणि हिची बडबड चाललेली असायची.

वैजूनं वेणी हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली.

"ताई, याचं किती भरन?"

मी बाहेर गेले. सर दाराबाहेर फेऱ्या मारत होते.

"सर, कैची द्या."

प्रथमोपचाराच्या पेटीत पट्ट्या कापायची कैची होती. सरांनी ती काढली, पण हातातून सोडली नाही. त्यांना कळलं होतं.

"मंदा, अजून टाइम हाय. अर्ध्या तासात नाव बदलता येते. तू म्हणशीन त मी अधिकाऱ्यायले सांगतो, हॉलमध्येच दोन राउंड घेऊ." त्यांनी आवाज खाली आणला. "रातच्याले पुन्हा एकडाव इचारलं का तिले?"

"विचारलं सर."

"आन?"

"नाहीच म्हणते."

त्यांनी कैची सोडली.

पट्ट्यांची कैची ती. एका झटक्यात वेणी कापली जाईना. मी बट-बट करून कापत राहिले. वैजू पाठमोरी स्टुलावर बसली होती. केस फरशीवर पडत होते आणि तिची मान हळूहळू उघडी होत होती, बारीक, लहान पोरीसारखी.

"सरळ काप व ताई. तिरपं दिसन." थोड्या वेळानं हसत म्हणाली, "माय बोंबलन पाहूनशान."

"वाढतात केस."

"हो ना. पदक भेटलं त बाबा काही म्हणत नाही." तिचा घसा कोरडा पडला होता, शब्द सुटे-सुटे येत होते. "ताई, राग नको मानू. पुढच्या साली मी अठ्ठेचाळीसचीच होतो. मंग आपल्याले खेळा लागन. मी सरायले सांगणारच हाय, की आमची चाचणी घ्या. तू जिंकली त तू. मले काही वाटणार नाही. पण एकडाव खेळायचं हाय मले तुह्यासंग. सगळ्यायच्या समोर."

कैची माझ्या हातात होती. साडेआठ वाजले होते, अजून अर्धा तास होता. दार उघडून सरांना हाक मारायची होती, बस.

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं आणि राहिलेली बट कापली.

पंचेचाळीस नऊशे नव्वद. चष्मेवाल्या बाई वैजूचं डोकं बघून हळहळल्या आणि त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला दिलं. वैजू ते इतक्या घाईनं प्यायली की अर्धं उलटून पडलं.

तिची लढत दुपारी एक वाजता होती. समोर साताऱ्याकडची मुलगी, उंच, पण काही खास नाही. वैजूनं एरवी तिला दोन राउंडमध्ये गुंडाळली असती. पहिल्या राउंडला तिचे हात वर होते. दुसऱ्यात खाली आले. ठोसा लागत नव्हता तरी ती डुलत होती. रेफरीनं एकदा थांबवून आठपर्यंत मोजलं. वैजूनं हात वर करून दाखवले, खेळते म्हणून. दुसऱ्यांदा ती ठोशाशिवायच गुडघ्यावर आली, दोरीला धरून, आणि दोरीवर ओकली. रेफरीनं दोन्ही हात हलवून लढत थांबवली. मी कोपऱ्यात बादली धरून उभी होते. लोक टाळ्या वाजवत होते त्या साताऱ्याच्या मुलीसाठी. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही: मला सुटल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी तिला सलाईन लावली. स्पर्धेच्या जागेतच एका खोलीत खाटेवर ती पडली होती, केस कापलेलं डोकं उशीवर. मी पायाशी बसले होते. सर उभेच होते. रागावलेले नव्हते, पण मनातलं मनात ठेवणं त्यांना जमायचं नाही.

"मले अठ्ठेचाळीसमध्ये खेळवाले पाह्यजे होतं सर," वैजू डोळे मिटूनच म्हणाली. तक्रार नव्हती ती. नुसतं बोलली.

सर चकित झाले. "आन तूच नाही म्हणालीस ना पोरी? काल मी मंदाले पाठवलं, आज सकाळी पुन्हा इचारलं. मंदासंग तीन राउंड खेळ, जिंकली त जागा तुही. तू म्हणालीस भेव वाटते."

वैजूनं डोळे उघडले.

तिनं सरांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. तिच्या नजरेत राग असेल म्हणून मी मान वर केली नाही, आणि शेवटी केली तेव्हा राग नव्हता. तिला सगळं समजलं होतं, एवढंच. आवळलेलं प्लास्टिक, चिंच, कैची, 'पुढच्या वर्षी', सगळं.

"हो सर," ती म्हणाली. "मीच नाही म्हटलं. भेव वाटलं."

"मंग आता रडू नको," सर म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर गेले. रडत कोणीच नव्हतं.

आम्ही दोघी उरलो. मी बोलायला तोंड उघडलं, तर ती कुशीवर वळली आणि म्हणाली, "तुही लढत उद्या हाय ना? जाय, झोप." तिनं मला का झाकलं हे मी तिला पुढं कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी जिंकले. पाच पंचांपैकी चौघांनी मला गुण दिले. पदक गळ्यात घालताना बँड वाजत होता. वैजू खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती, डोक्याला माझीच ओढणी बांधून. घरून निघताना तिनं वेणीसाठी लाल रिबिनी आणल्या होत्या, त्या तिनं परतीच्या गाडीत माझ्या पदकाच्या डबीला गुंडाळल्या.

पुढचं सगळं लोकांना माहीत आहे. पाच वेळा राज्य विजेती, दोनदा राष्ट्रीय पदक, पोलीस खात्यातली नोकरी, चौकात लागलेला फोटो. वैजूनं त्यानंतर ग्लोव्हज घातले नाहीत. दर्यापूरला लग्न झालं. अंगणवाडीत काम करते म्हणून कळायचं. लग्नाला मला बोलावणं होतं. मी बंदोबस्त असल्याचं कळवलं. बंदोबस्त नव्हता.

तीन वर्षांपूर्वी खंडारे सरांचा शाळेत सत्कार झाला. मी प्रमुख पाहुणी. सर बोलायला उठले आणि बोलता बोलता त्या सांगलीवर आले. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या तुकडीला सांगत आले होते, हे मला माहीत होतं. माझ्यासमोर कितीदा तरी सांगितली होती. दोन मुली होत्या, एकीला मी म्हटलं खेळ, ती म्हणाली खेळते, दुसरी घाबरली. पहिली कुठं गेली बघा. प्रत्येक वेळी मुली टाळ्या वाजवायच्या आणि मी खाली बघायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

या वेळी मात्र सर थांबले आणि डोळ्यांवर हात धरून समोरच्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "ते दुसरी आज आली हाय बरं का! वैजू, उभी राह्य व बाई. लाजू नको. भेली त काय झालं, संसार चांगला केला तिनं."

तिसऱ्या रांगेतून वैजू उठली. अंगानं भरली होती. हात जोडून सगळ्यांकडे बघून हसली आणि बसली. लोकही हसले, प्रेमानंच. मग माईक माझ्या हातात आला. मी शिस्तीवर बोलले, सरांच्या उपकारांवर बोलले, मुलींनी धीट व्हावं यावर बोलले. धीट हा शब्द मी तीनदा वापरला.

कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी वैजू आपणहून आली. सोबत तिची सासू होती, नऊवारीतली, ठेंगणी, बोलकी बाई.

"छान बोलली व ताई," वैजू म्हणाली.

सासूबाई माझ्याकडे निरखून बघत होत्या. "म्या तं पह्यल्यांदाच आयकलं बाई," त्या म्हणाल्या. "आमची सून भेकड होती म्हंता? घरात तं सापही हातानं धरते. मले काही पटलं नाही. तुमी व्हत्या ना तिथं? खरंच भेली व्हती का ते?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. सर लांब होते, हारांच्या ढिगात. वैजू मध्ये पडली नाही. तिनं काही झाकलं नाही, काही सुचवलं नाही. कप हातात धरून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. पंधरा वर्षांनी तिनं पहिल्यांदाच मला उत्तर माझं मी द्यायला सोडलं होतं.

"हो," मी म्हणाले. "लहान होती तेव्हा."

"अस्सं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या सुनेकडे बघून हसल्या.

वैजूनं राहिलेला चहा संपवला. मग माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि दोन्ही कप ठेवायला ती आत निघून गेली.